गुरुवारचं टेबल

गुरुवार, १३ मार्च

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. नाहीतर दोन महिन्यांनी पेर्त्ती विचारणार, 'हे कोणाच्या डोक्यातून निघालं?' आणि मी डोकं खाजवत बसणार.

गेली बावीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आम्ही चौघं आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या खोलीत जमायचो. मी सूत्रधार. मी गोष्ट चालवायची आणि बाकीच्या तिघांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. हान्नेले चोर, पेर्त्ती मठातून पळालेला भिक्षू आणि आस्को लोहार. पुढे काय घडणार ते अर्धं त्यांच्या बोलण्यावर, अर्धं वीस बाजूंच्या फाशांवर. मग हान्नेले ट्राम चालवायला ताम्पेरेला गेली, पेर्त्ती औलूला मुलीजवळ राहायला गेला, तरी महिन्यातून एकदा दोघं यायचेच. गेल्या शरदात सोसायटीनं पाइप बदलायला काढले आणि आमच्या खोलीत नवे कमोड रचून ठेवले. 'थोडे दिवस' म्हणाले होते. कमोड अजून तिथेच आहेत.

आणि जानेवारीत आस्कोची बायको काइसू गेली.

अंत्यविधीला मी होतो. आस्कोचा हात हातात घेतला, एवढंच. त्यानंतर फोन केलेला नाही. दुःखात माणसाला मोकळं सोडावं, त्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभं राहू नये, असं मला वाटतं. तो राहतो चार गल्ल्या सोडून, पण हा अंतराचा प्रश्नच नाही.

म्हणून आता आभासी टेबल. संगणकावर एक खोली उघडायची, सगळ्यांच्या पडद्यावर एकच नकाशा, त्यावर सोंगट्या सरकतात, फासे पडतात, एकमेकांचा आवाज ऐकू येतो. आस्कोला घरातून उठवायचं नाही, काही विचारायचं नाही आणि तरी तो टेबलाशी परत येईल. मला एवढंच साधायचंय. बाकीचे दोघं येतीलच. माझं म्हणाल तर गुरुवार गेला तर माझ्या आठवड्यात काही उरत नाही, हे वहीतच लिहिलेलं बरं.

शनिवार, १५ मार्च

दोन दिवस वाचतोय. आभासी टेबलं एवढी आहेत की दातांच्या कॅप बनवणं, म्हणजे माझं रोजचं काम, सोपं वाटायला लागलंय. प्रत्येक टेबलाचे भक्त वेगळे आणि ते दुसऱ्या टेबलाच्या भक्तांना अडाणी समजतात. एकानं तर सतरा पानांचं लिहिलंय, फक्त सावली नकाशावर कशी पडते यावर.

तीन निवडली. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत, मी माझी ठेवली. पहिलं 'साधं': फुकट, काही बसवावं लागत नाही, दुव्यावर टिचकी मारली की खोलीत. दुसरं 'कारागिराचं': ते स्वतःच्या संगणकावर चढवायचं, मित्रांनी तुमच्या संगणकात शिरायचं, सगळं हवं तसं बदलता येतं आणि बदलता बदलता आयुष्य जातं. तिसरं 'चित्रातलं': झाडं, दगड, कवाडं सगळं उभं दिसतं, बाहुल्यांच्या घरासारखं.

साध्यापासून सुरुवात करतो. खोली उघडली आणि तिघांना दुवा पाठवला. 'दर गुरुवारी सहाला. खोली उघडी असेल.'

हान्नेलेचं उत्तर आलं, 'बघू या कसं काय ते.' पेर्त्तीचं आलं, 'अशक्य तर नाही.' आमच्या सावो भागात सरळ 'हो' म्हणणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो नाहीतर प्यायलेला, तेव्हा ही दोन्ही उत्तरं मी 'हो' धरली. आस्कोचं उत्तर नाही.

गुरुवार, २० मार्च

आस्को आला!

सहाला दोन मिनिटं कमी असताना त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागला. मग हान्नेले, मग पेर्त्ती.

खेळ मात्र फसला. आवाज तुटत होता. पेर्त्ती बोलायचा ते विहिरीतून आल्यासारखं. मी खाणीचा नकाशा तीन रात्री खपून काढला होता, पात्राला जेवढं दिसतं तेवढंच त्या माणसाला पडद्यावर दिसेल असा. हान्नेलेची चोर आत शिरली, पेर्त्तीचा भिक्षू आत शिरला, लोहार दाराशीच उभा. मला वाटलं, आस्को विचार करतोय. आस्कोला विचार करायला वेळ लागतो, बावीस वर्षं लागतोय. असा अर्धा तास गेला.

शेवटी हान्नेले म्हणाली, "आस्को, तू बाहेर पहारा देतोयस का?"

"तसंही म्हणता येईल," आस्को म्हणाला.

"म्हणजे काय?"

"पुढे जाता येत नाही. भिंत आहे."

मी बघितलं तर खरंच. ते दोघं आत गेल्यावर नकाशा नीट करताना माझ्या हातून दाराच्या मधोमध एक भिंतीची रेघ पडली होती. माझीच चूक.

"अरे मग सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"मला वाटलं, तुझ्या गोष्टीतच आहे ती."

हान्नेले हसली. आस्कोही हसला असेल, पण त्याच क्षणी पेर्त्तीचं इंटरनेट गेलं, मग आवाज सगळ्यांचाच गेला, आणि रेघ पुसायच्या आत आम्ही उठलो. दोन तासांत आस्को तीन वाक्यं बोलला असेल. जाता जाता लिहून गेला, 'वाईट नव्हतं.'

पूर्वी आस्कोनं 'वाईट नव्हतं' म्हटलं की मी आठवडाभर खूश असायचो. पण आज सारखं वाटतंय, तो उपकार म्हणून बसला होता. बायको जाऊन दोन महिने झालेल्या माणसाला मी अर्धा तास बंद दाराशी उभं केलं.

शुक्रवार, २१ मार्च

सगळ्यांना लिहिलं: 'या टेबलात दोष आहेत. दुसरं बघतो आहे. जमलं की कळवतो.'

हान्नेलेनं अंगठा पाठवला. पेर्त्तीनं लिहिलं, 'घाई नाही.' आस्कोनं मेल उघडली, एवढं दिसतं.

गुरुवार, ३ एप्रिल

कारागिराचं टेबल चढवायला दोन आठवडे गेले. मित्र बाहेरून माझ्या संगणकात शिरावेत म्हणून घराच्या राउटरमध्ये एक वाट मोकळी करावी लागते. ती केली तर माझाच प्रिंटर मला ओळखेना.

मिर्वा दुपारी कॅप न्यायला आली होती. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली असते, मूळची सीमेकडची, कारेलियाची, त्यामुळे जे मनात ते तोंडात. माझ्या कामाच्या टेबलावर एकीकडे कोणाची तरी कवळी आणि दुसरीकडे भिक्षूची सोंगटी बघून म्हणाली, "इल्पो, पन्नाशी उलटली रे तुझी. अजून बाहुल्या?"

"सोंगट्या आहेत."

"बरं, सोंगट्या. कोणाबरोबर खेळतोस?"

तिला सगळं सांगितलं. आस्को, काइसू, दोष असलेलं टेबल. ती खुर्चीत बसली, कॅपचा डबा मांडीवर.

"हा आस्को राहतो कुठे?"

"स्टेशनच्या मागे. चार गल्ल्या."

"मग जा की. बेल वाजव."

"न कळवता?"

"कळवून जा मग."

"काय कळवू? की तुझं कसं चाललंय ते बघायला येतोय? त्याला काय वाटेल?"

मिर्वानं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती दात काढायला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांकडे बघत असेल. "आमच्याकडे," ती म्हणाली, "वाटेल ते वाटू दे म्हणून आधी जातात आणि मग वाटतं काय ते विचारतात." ती गेल्यावर मी पुन्हा राउटरला लागलो. संध्याकाळी सहाला सवयीनं खुर्चीत येऊन बसलो आणि नव्या टेबलावर एकट्यानं खाण पुन्हा काढली. ह्या वेळी दार मोकळं आहे याची चार वेळा खात्री केली.

मंगळवार, ८ एप्रिल

हान्नेले आणि पेर्त्तीला कारागिराचं टेबल दाखवलं, तासभर. आस्कोला मुद्दाम बोलावलं नाही. त्याला एकदाच, सगळं नीट झालं की. पहिल्यांदाच्यासारखं नको.

हान्नेलेचं मत, "दिसतं भारी." पेर्त्ती म्हणाला, "माझ्या लॅपटॉपचा पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडतोय, पण मी तक्रार करत नाहीये."

मग हान्नेलेनं विचारलं, "आस्कोचं काय चाललंय?"

"त्याला जरा वेळ हवाय."

"तो म्हणाला तसं?"

"म्हणाला नाही. पण दिसतं ना."

दोघंही गप्प झाले. आवाज तुटला की काय असं वाटून मी माईक तपासला. माईक ठीक होता.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. भावाच्या घरी जायचं टाळलं. त्याची पोरं आता मोठी झालीत, आणि जेवताना वहिनी 'अजून ते तुमचं चालूच आहे का?' असं विचारते तेव्हा काय सांगायचं ते मला सुचत नाही. दिवसभर तुलना लिहून काढत होतो. आवाज, सावली, फासे, सोंगट्या, तीन टेबलं, एकूण चाळीस मुद्दे. संध्याकाळी पंचेचाळीस झाले.

काइसू गुरुवारी आस्कोबरोबर राय नावाच्या धान्याच्या भाकरीत भाजलेले मासे पाठवायची, कापडात गुंडाळून, आणि आत चिठ्ठी: 'चोराला दोन तुकडे, ती काटकुळी आहे.' तिनं एकदाही आमच्याबरोबर खेळून बघितलं नाही, पण लोहाराला कुठे जखम झाली ते तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ असायचं. आस्कोला आता ते कोण विचारत असेल?

हा मुद्दा पंचेचाळीसात बसत नाही.

बुधवार, ७ मे

आज दुकानात आस्को भेटला. दुधाच्या कपाटापाशी.

खंगलाय. जाकिटाची एक गुंडी चुकीच्या काजात. मी ते बघितलं हे त्यानं बघितलं. आमचं बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते अजून नीट कळलेलं नाही.

"काय इल्पो."

"काय आस्को."

"टेबलाचं काय म्हणतोस?"

"चाललंय. दोन बघितली. तिसरं बघतोय."

"हं." त्यानं दुधाचा डबा हातात फिरवला. "लोहार दाराशीच आहे अजून."

"माहीत आहे रे. आता तसं होणार नाही. दार मोकळं ठेवतोय."

"तसं वाईट नाही तिथे." मग जरा वेळानं, "गुरुवारी बसतो मी जरा."

"बरं आहे," मी म्हणालो. मला वाटलं, काइसूजवळ बसत असेल, कबरीपाशी, किंवा तिच्या खुर्चीपाशी. अशा गोष्टी विचारायच्या नसतात. "बसावं माणसानं."

"तू काय करतोस गुरुवारी?"

"असतं काही ना काही."

"हो," तो म्हणाला. "असतंच."

आणि तो पैसे द्यायच्या रांगेत गेला आणि मी उगाच चीज बघत उभा राहिलो. मला चीज नको होतं.

गुरुवार, १५ मे

आज जे केलं ते कोणाला सांगता येण्यासारखं नाही.

चित्रातलं टेबल सुंदर आहे. खाण इतकी खरी दिसते की थंडी वाजावी. पण चार माणसं एकाच वेळी आली तर अडकतं का, ते बघायला चार माणसं लागतात. म्हणून मी चार खाती काढली: इल्पो, हान्नेले, पेर्त्ती, आस्को. पडद्यावर चार खिडक्या. सहाला सुरुवात केली.

आधी नुसत्या सोंगट्या हलवल्या. मग फासे टाकून बघितले. मग लिहिलेलं बरोबर पोचतं का ते बघायला हान्नेलेच्या नावानं लिहिलं, 'मी पुढे जाते, माझ्या पायाचा आवाज होत नाही.' पेर्त्तीच्या नावानं लिहिलं, 'तुझ्या पायाचा नाही, पण तुझ्या तोंडाचा होतो.' हे अगदी पेर्त्तीसारखं जमलं, मी मोठ्यांदा हसलो. मग आस्कोच्या खिडकीत गेलो, एक ओळ लिहिली, पुसली. शेवटी लिहिलं, 'वाईट नाही.' मग त्याच्याच नावानं आणखी लिहिलं, 'इल्पो, खेळ छान झाला. मी पुढच्या गुरुवारी येईन.'

लिहून झाल्यावर ते दोनदा वाचलं. चारही खिडक्या बंद केल्या. चार माणसं आली तरी टेबल अडकत नाही, एवढं नक्की झालं.

शुक्रवार, २३ मे

मिर्वा आली होती. तिनं विचारलं, "ठरलं का तुझं टेबल?"

"जवळजवळ. चित्रातलं."

"आणि तो चार गल्लीवाला?"

"आता त्यालाच कळवायचं. शेवटचं एकदा तपासून."

"तू कवळी बसवतोस ना रे," ती म्हणाली, "ती माणसाच्या तोंडात घालून बघतोस की घरीच बसून शेवटचं तपासत राहतोस?"

"कवळी मी बसवत नाही, डॉक्टर बसवतात."

"देवा," मिर्वा म्हणाली आणि डबा घेऊन गेली. तिच्या बोलण्यात काही तथ्य नाही असं नाही, पण ती खेळत नाही, तिला ह्यातलं कळत नाही.

शनिवार, ३१ मे

हान्नेले आणि पेर्त्तीबरोबर चित्रातल्या टेबलावर दोन तास. काहीही अडकलं नाही. आवाज स्वच्छ. हान्नेलेच्या पावलाखाली दगडसुद्धा वाजत होते.

शेवटी मी विचारलं, "कसं वाटलं?"

"बघण्यासारखं आहे," हान्नेले.

"मी काही म्हणत नाही," पेर्त्ती.

"म्हण ना. काय असेल ते."

पेर्त्तीच्या मागे नात रडत होती, तिला त्यानं थोपटलं. मग म्हणाला, "इल्पो, हे बघ, तू बनवलंयस चांगलं. पण पूर्वी आपण खेळायला यायचो आणि आता तू आम्हाला खेळ दाखवतोस."

मला राग आला. मी तीन महिने घासतोय आणि ह्याला नात खेळवता खेळवता मत सुचतंय. तसं बोललोही. हान्नेले म्हणाली, "त्याला तसं म्हणायचं नाही." पेर्त्ती म्हणाला, "थोडंसं तसंच आहे." मग तिला पहाटेची पाळी आहे म्हणून ती गेली, आणि तोही गेला.

खाणीत माझ्या एकट्याच्या पडद्यावर दिवे तेवत राहिले. ते विझवायचं बटण कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

गुरुवार, १२ जून

हे सावकाश लिहितो.

पेर्त्तीवरचा राग बारा दिवस पुरला, मग माझा मलाच कंटाळा आला. ठरवलं, पुरे झालं तपासणं, पुढच्या गुरुवारी खेळायचं, आस्कोला आज कळवायचं. खेळ थांबला होता तिथूनच सुरू व्हावा म्हणून चित्रातल्या टेबलावर खाणीचा पहिला नकाशा चढवायचा होता, आणि तो फक्त साध्या टेबलावर होता. तिथे मी २० मार्चनंतर पाऊल ठेवलं नव्हतं. ती खोली बंद करायचीही राहून गेली होती.

सहा वाजून वीस मिनिटांनी मी शिरलो. नकाशा होता तसाच. भिंतीची रेघ दारात तशीच. लोहार तिच्यासमोर. पण बाजूला, जिथे खेळताना लिहिलेलं येतं, तिथे शेवटी माझं 'माफ करा, आवाज गेला' असायला हवं होतं आणि ते सापडायला मला वर, खूप वर जावं लागलं. मधलं सगळं आस्कोचं होतं.

२७ मार्च, ६ वाजता. 'आलोय.' ६:३० ला. 'लवकर आलो वाटतं.'

३ एप्रिल. 'लोहार कंदील लावतो.' फासा चौदा. 'लागला.'

१० एप्रिल. 'लोहार कान देऊन ऐकतो.' फासा तीन. 'काही ऐकू येत नाही.'

१७ एप्रिल. 'आज पाऊण तास बसतो, मग मुलीचा फोन यायचाय.'

१ मे. 'आज मे दिनाचा सण, कोणी येणार नाही हे माहीत आहे.'

८ मे. 'काल दुकानात विचारायला हवं होतं. असो.'

१५ मे. 'आज काइसूचे कपडे देऊन टाकले. हे लोहारानं नाही, मी.' त्याखाली, अर्ध्या तासानं, 'तिनं विचारलं असतं दारातून आत गेलास का म्हणून.'

१५ मे, सहा वाजता मी चार खिडक्या उघडून बसलो होतो. त्याच्या नावानं लिहीत होतो.

५ जून. 'इल्पो, तुला हे कुठून दिसत असेल तर घाई नाही.'

आणि सर्वांत खाली, आजचं, ६ वाजता. 'आलोय.'

वर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. तो आत्ता, ह्या क्षणी तिथे होता. बारा गुरुवार.

मी लिहायला लागलो. 'आस्को, मी' एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते मला कळेना, आणि मग लक्षात आलं की मी पुन्हा लिहीतच बसलोय. तसाच उठलो. बूट घातले, दाराला कडी लावली की नाही ते आठवत नाही. चार गल्ल्यांना किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं. सात मिनिटं लागतात.

बेल वाजवली. माझ्या आयुष्यात मी न कळवता कोणाची बेल वाजवली नव्हती.

आस्कोनं दार उघडलं. घरातला स्वेटर, पायात मोजे. त्याच्या मागे स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, त्यावर खाण.

"कळवलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मी आत्ता तिथेच होतो," त्यानं मागे अंगठा केला. "तू आलास तसं दिसलं. मग तू लिहायला लागलास आणि गेलास."

"धावलो."

तो बाजूला झाला. मी आत गेलो आणि उभाच राहिलो. बसायला सांगेपर्यंत बसायचं नाही हे अंगात भिनलेलं.

"तू फोन का नाही केलास?" मी विचारलं. आवाज चढला माझा. "बारा आठवडे, आस्को! एकदा विचारायचं होतं, की अरे, तिथे कोणी येणार आहे की नाही?"

"तू म्हणाला होतास कळवतो म्हणून."

त्यानं हे रागानं नाही म्हटलं. रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या लेखी ते एवढं साधं होतं: इल्पोनं कळवतो म्हटलंय, खोली उघडी असेल म्हटलंय, तर गुरुवारी जाऊन बसायचं. आणि मी त्याला त्रास होऊ नये म्हणून चार गल्ल्यांवर बसून पंचेचाळीस मुद्दे लिहीत होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मला वाटलं, तुला एकटं राहायचंय."

आस्को खाली बसला. हात टेबलावर ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिला. "नाही," तो म्हणाला. "नको होतं मला एकटं. फार वाईट असतं ते." आणि तो रडायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. मी त्याला एवढ्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसलो, कोणी सांगायची वाट न बघता.

"मलाही," मी म्हणालो. "मलाही नको होतं."

मग तो काइसूबद्दल बोलायला लागला. शेवटच्या आठवड्याबद्दल, तिला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं त्याबद्दल, आणि तरी गुरुवारी तिनं त्याला 'खेळायला का गेला नाहीस?' म्हणून विचारलं त्याबद्दल. खोलीत कमोड भरलेत, हे त्यानं तिला सांगितलं होतं. ती हसली होती. दोन तास तो बोलत होता. मी मध्येमध्ये कॉफी केली, त्याच्या घरात डबे कुठे आहेत ते मला आता माहीत झालंय. कोणतं टेबल चांगलं ते त्यानं विचारलं नाही, मीही काढलं नाही. पेर्त्तीला आणि हान्नेलेला मी तिथूनच लिहिलं, आस्कोच्या लॅपटॉपवरून: पुढचा गुरुवार, सहाला, साधं टेबल, आम्ही दोघं एका घरातून. रेघ मात्र पुसायची राहिली, ती पुढच्या वेळी पुसेन.

निघताना तो दारापर्यंत आला.

"मग गुरुवारी येशील तू इथे?" त्यानं विचारलं.

"येईन."

मी एक पायरी उतरलो. रात्रीचे नऊ वाजत आले तरी, जूनमध्ये इथे असतं तसं, बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मग मी मागे वळून म्हणालो की बुधवारीही मला काही काम नसतं. तसं मंगळवारीही नसतं.

"सोमवारी?" आस्को म्हणाला.

"सोमवारीही नाही."

"मग उद्याच ये ना," तो म्हणाला.